अकरावा रकाना

"ही सही तुमचीच ना?"

सरकारी वकीलबाईंनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. पंचबाईंनी तो हातात न घेताच पाहिला. त्यांची सही कुणालाही ओळखता आली असती. शाळेत शुद्धलेखनाला बक्षिसं मिळवलेल्या बाईची सही होती ती. शालेय व्हॉलीबॉल स्पर्धा, मुलींचा अंतिम सामना, त्याचं पत्रक. वरच्या दहा रकान्यांत संघ, वेळा, गुण. अकराव्या रकान्याच्या डोक्यावर छापलेलं होतं, 'सामन्यादरम्यान व सामन्यानंतर घडलेले गैरप्रकार'. आणि समोर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात एक शब्द, निरंक.

"माझीच," पंचबाई म्हणाल्या.

"आणि तुमचा हात मोडला तो याच सामन्याच्या शेवटी."

"हो."

"उजवा."

पंचबाईंनी मांडीवरचा उजवा हात थोडा उचलून दाखवला. प्लास्टर निघून तीन आठवडे झाले होते, तरी मनगट दुसऱ्याच कुणाचं तरी लावल्यासारखं वाटत होतं.

"मग समोरचा वकील मला विचारणार की मोडक्या हाताने इतकं सुरेख अक्षर निघतं कसं. तो म्हणणार, बाईंनी सामना संपल्यावर आरामात बसून पत्रक भरलं, काही घडलं नाही असं स्वतःच लिहून दिलं, आणि नंतर घरी कुठेतरी पाय घसरून पडल्या. मी काय उत्तर देऊ?"

पंचबाईंना उत्तर माहीत होतं. ते तोंडातून बाहेर काढणं जिवावर येत होतं, एवढंच.

वकीलबाई वयाने लहान, पंचबाईंच्या पुतणीएवढ्या असतील. स्वभावाने सरळ. त्यांनी समजावून सांगितलं की नवा कायदा कडक आहे, शालेय सामन्याच्या पंचावर हात उचलणारा सहजासहजी सुटत नाही. पण कायद्यातच म्हटलं आहे की घटनेचा मुख्य पुरावा म्हणजे पंचाने त्या दिवशी भरलेलं पत्रक. तीनशे माणसं तिथे हजर होती, पण साक्षीला एकही आलं नाही. शिक्षक म्हणाले, आम्ही बक्षिसांच्या टेबलाशी होतो. पालक म्हणाले, गर्दीत दिसलं नाही. उरलं ते पत्रक, आणि पत्रक म्हणत होतं की काही झालंच नाही.

"ही अट कायद्यात कुणी घातली, त्याला एकदा भेटायला हवं मला," वकीलबाई वैतागून म्हणाल्या.

पंचबाई त्यांच्यासमोरच बसल्या होत्या.

तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. हँडबॉलच्या एका म्हाताऱ्या पंचाचा दगड लागून डोळा गेला, तेव्हापासून पंचांच्या संघटनेने कायद्यासाठी खेटे घालायला सुरुवात केली होती. नऊ वर्षं अर्ज, निवेदनं, कचेऱ्यांमधली बाकं. शेवटी एका समितीने बोलावलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, की भांडण झालं तर शंभर लोक शंभर गोष्टी सांगणार, विश्वास कुणावर ठेवायचा? मागच्या रांगेतून पंचबाई उठल्या. म्हणाल्या, "पंचाने लिहिलं ते खरं धरा. मैदानात आमचा शब्द शेवटचा असतो, मैदानाबाहेर तो पहिला तरी धरा." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. ते कात्रण चौकट करून संघटनेच्या कचेरीत लावलं होतं.

त्या दिवशी एकाही पंचाच्या मनात आलं नाही की आपण अकराव्या रकान्यात काय लिहितो, आणि केव्हा लिहितो.

ती रीत गुरुजींची. गुरुजी म्हणजे ज्यांच्या हाताखाली अख्खी पिढी तयार झाली ते जुने पंच. नव्याने शिट्टी घेतलेल्या माणसाला ते पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगायचे. एक, पाणी पोटभर पिऊन शिडी, म्हणजे जाळीलगतचं पंचाचं उंच स्टँड, चढायची नाही. दोन, आधी निरंक लिहायचं, मग शिडी चढायची. कारण सोपं होतं. सामना संपला की हरलेल्या संघाची माणसं टेबलाभोवती गोळा होतात. अशा वेळी मान खाली घालून लिहीत बसलेला पंच म्हणजे आयतंच गिऱ्हाईक. म्हणून मुलं हातपाय मोकळे करत असतानाच शेवटचे रकाने भरायचे, सही ठोकायची, पत्रक गुणलेखकाकडे द्यायचं. गुण तो भरतो. शेवटची शिट्टी वाजली की सरळ फाटक गाठायचं. यात खोटेपणा आहे असं कुणाला वाटलं नाही. बुटाची नाडी बांधावी तसं ते होतं.

पंचबाई एरवी चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या. फ्रेमच्या मापाची काच चाकावर धरायची, बोटाच्या टोकाला कड कळेपर्यंत. शनिवारी आणि रविवारी पांढरा शर्ट घालून मैदानावर. गर्दीतून कुणी ओरडलं, "चष्मा लावा," तर त्या हसून म्हणायच्या, दुकानात या, आधी तुमचे डोळे तपासू. लोकही हसायचे. बावीस वर्षं बरीचशी अशी हसण्यावारी गेली.

सगळीच गेली नाहीत. एकदा खड्यांचा मारा झाला होता, पाठीवर वळ उठले. पत्रकात निरंक. एका शाळेत जमाव पांगेपर्यंत शिपायाने त्यांना सामानाच्या खोलीत बंद केलं. जाळ्या, चेंडू आणि चुन्याच्या पोत्यांमध्ये दोन तास, दाराबाहेर लाथा बसतायत आणि आत नाकात चुना. निरंक. नवरा गेल्यानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात एक बाई दोरीपलीकडून म्हणाली होती, नवऱ्याला खाल्लंस, आता आमच्या पोरींना खा. तेव्हा त्या शिडीवर होत्या. पुढची सर्व्हिस व्हायची होती. त्यांनी शिट्टी वाजवली होती आणि हात पुढे केला होता. त्या दिवशीही निरंक.

यंदाचा अंतिम सामना तिसऱ्या सेटपर्यंत गेला. चौदा-तेरा. आघाडीवरच्या संघाची कर्णधार मुलगी उंच उडाली आणि तिने चेंडू असा काही मारला की समोरच्यांनी हातही हलवला नाही. लोक उभे राहिले. पण मारताना तिचा दंड जाळीच्या पट्टीला घासून गेला होता. खालून ते दिसत नाही. शिडीवरच्या पंचाचे डोळे जाळीच्या जरा वर असतात, पट्टी थरथरली की त्यालाच कळतं. पंचबाईंनी शिट्टी वाजवली, जाळीकडे बोट दाखवलं. गुण समोरच्यांना. नंतरचे दोन्ही गुणही समोरच्यांनीच घेतले.

त्या मुलीचा बाप फरशांचा व्यापारी, आडदांड माणूस. तो दोरी ओलांडून आला तो थेट शिडीच्या पहिल्या पायरीवर चढला. पंचबाईंना पहिल्यांदाच जाणवलं की या उंच जागेला दार एकच आहे. पुढे जाळी, दोन्ही बाजूंना कठडा, मागे शिडी, आणि शिडीवर तो. "खाली उतर," तो म्हणत होता, आणि उतरायची जागा अडवून उभा होता. मग त्याने दोन्ही हातांनी स्टँड हलवायला सुरुवात केली. तिसऱ्या हिसक्याला ते आडवं झालं. पंचबाईंनी उजवा हात पुढे टाकला.

त्याला कमरेला मिठी घालून मागे ओढलं ते अण्णांनी. अण्णा म्हणजे संघटनेचे सचिव आणि त्या दिवशीचे दुसरे पंच. अठरा वर्षांची जोडी. त्या झटापटीत अण्णांच्या शर्टाची बटणं तुटून पडली. पंचबाईंचा गाल जमिनीला टेकलेला होता, डोळ्यांसमोर ती बटणं पडली.

पंचबाईंना उचलून उभं करेपर्यंत पत्रक गुण भरून क्रीडाशिक्षकांच्या फायलीत जाऊन बसलं होतं. खाली अण्णांचीही सही होती.

वकीलबाईंकडून पंचबाई घरी आल्या तेव्हा नणंद दारातच उभी होती. नवऱ्याच्या माघारी दोघी दोन खोल्यांत एकत्र राहत. नणंदेने उभा जन्म टेलिफोन खात्यात लोकांची बोलणी जोडून देण्यात घालवला होता, त्यामुळे अर्ध्या वाक्यात तिला पुढचं कळे.

"म्हणजे सांगितलं तरी मेली आणि नाही सांगितलं तरी मेली," सगळं ऐकून ती म्हणाली.

"तसंच काहीतरी, वन्सं."

नणंदेने विचार केला. मग म्हणाली, "डाव्या हाताने लिहिलं म्हणा. पडल्यावर, घाबरून."

पंचबाईंनी पेन घेतलं, जुन्या कागदाच्या पाठीवर डाव्या हाताने निरंक लिहून दाखवलं. शाईत बुडवलेला कोळी कागदावरून लंगडत गेल्यासारखं ते दिसत होतं. नणंदेने कागद उलटासुलटा करून बघितला आणि तिला हसू फुटलं. पंचबाईही हसल्या. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि हसणं संपल्यावर खोली आधीपेक्षा लहान झाल्यासारखी वाटली.

रविवारी सकाळी अण्णा आले. खुर्चीच्या कडेवर बसले, मनगटाची चौकशी केली, डॉक्टर काय म्हणतात विचारलं. नणंदेने चहा ठेवला आणि आत न जाता तिथेच स्टुलावर बसली. अण्णांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. फरशीवाला माफी मागायला तयार होता, लिहून आणली होती. पंचबाईंनी वाचलं. सामना संपल्यावर पंचबाईंचा तोल जाऊन त्या पडल्या, याबद्दल त्याला मनापासून खेद वाटत होता.

"माझा तोल गेला?"

"शब्द इकडचे तिकडे करता येतील, बाई."

मग अण्णा मुद्द्यावर आले. कोर्टात खरं सांगायचं म्हणजे पत्रक आधी भरलं होतं असं सांगायचं. पंचांच्या नियमावलीत स्पष्ट आहे, आगाऊ सही केलेलं पत्रक म्हणजे प्रमाणपत्र रद्द. आणि प्रश्न एकीचा नाही. संघटनेत चाळीस पंच, चाळीसच्या चाळीस असंच लिहितात. एकीने तोंड उघडलं की सगळ्यांची पत्रकं कपाटातून बाहेर निघणार. खेडोपाडी एसटी पकडून जाणारी, सुट्टीचा दिवस घालवणारी माणसं. त्यांना लोक काय म्हणतील? हे सगळं ते अगदी हळू आवाजात सांगत होते, आजाऱ्याजवळ बसून बोलावं तसं.

पंचबाईंनी ऐकून घेतलं. अण्णा खोटं काहीच बोलत नव्हते, हेच अवघड होतं.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "जबाबात तुम्ही लिहिलंय की तुमची पाठ होती."

"मी गुणफलकाकडे बघत होतो."

"तुमची बटणं माझ्या डोळ्यांदेखत पडली."

अण्णांनी कपातल्या चहाकडे बघितलं. "ती लावून घेतली," ते म्हणाले.

ते गेल्यावर नणंदेने त्यांचा न प्यायलेला चहा मोरीत ओतला.

पुढचे दहा दिवस पंचबाईंनी दुकानात गल्ल्याशेजारी बसून काढले. काच धरायला हात अजून थरथरत होता, म्हणून मालकाने गिऱ्हाइकांशी बोलायला बसवलं होतं. लोक समोर बसत, त्या अक्षरांचा तक्ता दाखवत, वरून खाली वाचा म्हणत. मनात दोन्ही बाजू फिरत. पत्रक खरं म्हणावं, तर आपण खोटा हात घेऊन कोर्टात उभ्या. मालक, शेजारी, सगळे म्हणणार की म्हातारपणी बाईला पैशाची नाहीतर नावाची हाव सुटली. पत्रक खोटं म्हणावं, तर शनिवार गेला, शिडी गेली, आणि चाळीसजणांच्या शिव्या. गप्प बसून माफीचा कागद घ्यावा, तर आपला तोल गेला होता हे आपणच मान्य केलं. कुठल्याही बाजूला वळलं तरी कठडाच.

कोर्टातला साक्षीचा पिंजरा लाकडी होता, तीन बाजूंनी बंद, जमिनीपासून एक पायरी वर. पंचबाई चढल्या तेव्हा सवयीने त्यांची नजर खाली, समोरच्या रेषा शोधत गेली. मागच्या बाकावर अण्णा बसले होते, आणखी पाचसहा पंच. फरशीवाला वकिलाच्या मागे, मान खाली. घरी मुलीसमोरही तो असाच बसत असेल का, असं पंचबाईंच्या मनात येऊन गेलं.

त्याचा वकील गोडबोल्या होता. त्याने वर्तमानपत्रातलं ते जुनं वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, हे तुमचंच ना? पंचाने लिहिलं ते खरं धरा? त्या हो म्हणाल्या. पत्रकावरची सही तुमची? हो. निरंक हे अक्षर तुमचं? हो.

"मग माझं काम झालं," असं म्हणत तो वळला.

"हे मी सामन्याच्या आधी लिहिलं," पंचबाई म्हणाल्या.

तो थांबला. न्यायाधीशांनी मान वर केली.

"शिडी चढायच्या आधी. मुली हातपाय मोकळे करत होत्या तेव्हा. दर वेळी तसंच लिहिते."

"दर वेळी म्हणजे किती वर्षं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"बावीस."

वकिलाचा चेहरा उजळला. त्याला याहून चांगलं काही मिळालं नसतं. "म्हणजे बावीस वर्षांची तुमची सगळी पत्रकं खोटी?"

पंचबाईंनी जरा वेळ घेतला. गुण द्यायच्या आधी त्या घेत तेवढाच. "गुण खरे आहेत," त्या म्हणाल्या. "एकही गुण खोटा नाही. अकरावा रकाना खोटा आहे."

"आणि खाली दुसऱ्या पंचांची सही आहे. तीही आधीच?"

मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. पंचबाईंनी तिकडे पाहिलं नाही.

"माझ्या सहीचं मला विचारा," त्या म्हणाल्या.

वकिलाने खांदे उडवले. जे हवं होतं ते त्याच्या पदरात पडलं होतं. दुसऱ्या पंचाला बोलावून त्याने उगाच कशाला घोळ घालावा? सरकारी वकीलबाई कागद आवरू लागल्या. त्यांनी पंचबाईंकडे बघितलं, त्यात राग नव्हता, पण पुढे काय होणार ते लिहिलेलं होतं.

तसंच झालं. कायद्याला पुरावा म्हणून जे पत्रक हवं होतं, ते लिहिणारीनेच खोटं ठरवलं. नव्या कायद्याखालचा आरोप टिकला नाही. धक्काबुक्कीच्या जुन्या कलमाखाली फरशीवाल्याला समज देऊन सोडलं. महिन्याभरात संघटनेची सभा झाली. पंचबाईंचं प्रमाणपत्र रद्द करण्याचा ठराव अण्णांनीच वाचला. सचिवांचं कामच होतं ते. विरोधात कुणी नव्हतं. जाताना एक जण म्हणाला, बाई, स्वतः बुडालात ते बुडालात. पुढचं त्याने मनात ठेवलं.

आणि एक परिपत्रक निघालं. यापुढे पहिल्या पंचाने सामना संपल्यावर, मैदानातच, टेबलाशी बसून अकरावा रकाना भरावा, व तो भरून होईपर्यंत टेबल सोडू नये. हे कुणामुळे आलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या दहा मिनिटांपासून वाचायला गुरुजींनी रीत पाडली होती, ती दहा मिनिटं आता नियमाने बसून काढायची होती, गर्दीच्या मधोमध, मान खाली घालून.

"तुम्हाला कुणी सांगितलंय तिकडे जायला?" शनिवारी दुपारी नणंदेने विचारलं. पंचबाई चपला घालत होत्या.

"फिरून येते, वन्सं."

"फिरायला रस्ते काय कमी आहेत?" असं म्हणून तिने पाण्याची बाटली भरून दिली.

मैदानावर मुलांचा सामना होता. पंचबाई मैदानाकडेच्या बसायच्या पायऱ्यांवर लोकांमध्ये बसल्या, वरून तिसऱ्या पायरीवर. शिडीवर अण्णा होते. त्यांनी एकदा इकडे पाहिलं आणि नजर परत जाळीवर नेली. सामना अटीतटीचा झाला, शेवटचा चेंडू रेषेवर की बाहेर यावरून ओरडा झाला, आणि यजमान शाळा हरली. अण्णा शिडी उतरले. दुसरे पंच मुलांना रांगेत उभं करायला गेले. अण्णा टेबलाशी बसले, पत्रक पुढे ओढलं. पंचवीस-तीस माणसं पायऱ्यांवरून उतरून तिकडे निघाली होती. आधी सावकाश, मग भराभर.

पंचबाईही उतरल्या. दोन माणसांच्या मधून वाट काढत त्या टेबलापर्यंत पोचल्या आणि अण्णांकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. अंगात पांढरा शर्ट नव्हता, छातीवर बिल्ला नव्हता. बाजारात निघालेल्या बाईसारख्या दिसत होत्या.

"तुम्ही कोण?" पुढच्या माणसाने विचारलं.

"कुणी नाही."

"मग बाजूला व्हा."

त्या झाल्या नाहीत. तो आणखी जवळ आला, त्याच्या घामाचा वास आला. मागून कुणीतरी अण्णांच्या आईचा उद्धार केला. पाठीमागे पेनाची खरखर सुरू झाली. थांबली. पंचबाईंना वाटलं, झालं, लिहिलं तो शब्द, आता उठतील. पण खरखर पुन्हा सुरू झाली. एक ओळ झाली असेल, मग दुसरी. अण्णांचं अक्षर मुळातच मोठं, त्यात ते सावकाश लिहीत होते.

पंचबाईंनी मनगटाला धक्का लागू नये म्हणून उजवा हात डाव्या बगलेत धरला, पाय थोडे फाकवून नीट रोवले, आणि ते लिहून होण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.